सासरेबुवांच्या खिडकीला लागलेली कीड

लाकडात किडा आहे की नाही, हे मला नुसतं बघून कळतं. ही विद्या मला एका रविवारी सकाळी साडेनऊ ते सव्वाअकराच्या दरम्यान प्राप्त झाली आणि तेव्हापासून तिनं मला सोडलेलं नाही. (मी तिला सोडावं, अशी घरच्यांची इच्छा आहे.)

झालं असं, की बायको म्हणाली, खिडकीच्या कडेला भुकटी पडतेय, तेवढी पुसून घ्या. दुसरा कुणी असता तर पुसून मोकळा झाला असता. मी चष्मा लावला. भुकटी बोटांवर चोळली, उजेडात धरली, नाकाशी नेली (तिथे एक शिंक आली आणि निम्मा पुरावा उडाला). मग मोबाइल उघडून वाचायला बसलो, तो तज्ज्ञ होऊनच उठलो.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लाकडाला बारीक गोल भोकं दिसली की भुंगेऱ्याचं काम समजायचं. त्याची अळी लाकूड आतून खात मोठी होते आणि भुंगेरा झाली की भोक पाडून बाहेर पडते. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. आणि लाकूड काळपट, मऊ पडून त्यात स्क्रू-ड्रायव्हर लोण्यात गेल्यासारखा गेला, तर ती कूज. ती पाण्यानं येते. दुपारपर्यंत मी घरातल्या आठही खिडक्या टोचून काढल्या. एकशे त्रेचाळीस भोकं सापडली. (त्यातली चाळीसेक माझ्याच स्क्रू-ड्रायव्हरची, असं बायकोचं म्हणणं.)

चार वाजता मी निकाल जाहीर केला. आठही खिडक्या आतून पोखरलेल्या, सगळ्या उपटायच्या आणि अॅल्युमिनियमच्या सरकत्या बसवायच्या. अॅल्युमिनियमवाल्याला फोनही करून टाकला. तो दुसऱ्या दिवशी माप घ्यायला येणार होता.

आता एक गोष्ट सांगायला हवी. या खिडक्या आमच्या सासरेबुवांनी केलेल्या. ते सुतार. आम्ही घर बांधलं तेव्हा आठही खिडक्या त्यांनी स्वतःच्या हातानं घडवल्या आणि स्वतःच बसवल्या. माझा निकाल ऐकून बायको भांडेल असं वाटलं होतं. ती भांडली नाही. तिनं चौकटीवरून नुसता हात फिरवला.

“या घरात माझं माहेर एवढंच आहे,” ती म्हणाली. “त्याला माप घ्यायला येऊ दे. बाबाही येतील.”

मला उलट बरंच वाटलं. सव्वीस वर्षांत सासरेबुवांनी मला एकदाच शाबासकी दिली होती, तीही मी हातातली हातोडी खाली ठेवली म्हणून.

दुसऱ्या दिवशी एकोणऐंशी वर्षांचे सासरेबुवा हत्यारांची पिशवी घेऊन हजर. त्यांच्या मागोमाग टेप हातात घेतलेला अॅल्युमिनियमवाला. मी दोघांना खिडकी-खिडकीपाशी नेऊन चाळीस मिनिटं व्याख्यान दिलं. सासरेबुवांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग एकेका भोकावर नख फिरवलं. भोकं जुनी आहेत म्हणाले, कडा काळवंडल्यात. ताज्या भोकाची कड लाकडासारखीच उजळ असते. किडे जाऊन वीस वर्षं झाली असतील. भुकटी पडते ती झडप आपटल्यावर, आणि या घरात झडप कोण आपटतं हे त्यांनी विचारलं नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं.

अशा सात खिडक्या पास झाल्या. अॅल्युमिनियमवाल्यानं टेप गुंडाळली. बायकोच्या चेहऱ्यावर रंग आला.

आठवी, झोपायच्या खोलीतली. तिच्या खालच्या लाकडात माझा स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला.

“कूज,” मी म्हणालो.

सासरेबुवांनी पटाशीचं टोक लावून पाहिलं. “कूज,” तेही म्हणाले. “बरोबर ओळखलीत.”

वाचकहो, एका अस्सल सुतारानं मला बरोबर म्हटलं होतं. माझी छाती एवढी फुगली, की शर्टाचं वरचं बटण ताणलं गेलं. बायकोचा चेहरा उतरलेला मला दिसलासुद्धा नाही. अॅल्युमिनियमवाला पुन्हा टेप काढत होता, आणि अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी सांगत सुटलो, की या खिडकीशी मी सहा वर्षं लढतोय. बाहेरच्या अंगाला खाली एका किड्यानं बोट जाईल एवढं भोक पाडलंय, इतकं गोल की कंपासनं आखावं. पण मीही खमका. दरवर्षी त्यात पुट्टी ठासतो आणि वरून रंगाचे दोन हात देतो.

सासरेबुवा बाहेर गेले, वाकले, पुट्टी खरवडली. भोकात बोट घालून पाहिलं.

“जावईबापू,” ते म्हणाले, “हे भोक किड्यानं नाही पाडलं. मी पाडलंय.”

चौकटीत शिरलेलं पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून त्यांनी प्रत्येक खिडकीला तसं भोक ठेवलं होतं. माझ्या पुट्टीमुळे सहा वर्षं ते पाणी आतल्या आत मुरत होतं. बाकीच्या सात खिडक्या वाचल्या त्या केवळ माझ्या आळसामुळे. (आळसाचे फायदे कुणी लिहीत नाही.)

बायको आधी रागावली, मग हसत सुटली, ती भिंतीला टेकून खालीच बसली. अॅल्युमिनियमवाल्यानं जाताना माझ्याशी हात मिळवला, सांत्वनाला आल्यासारखा.

सासरेबुवांनी कुजलेला भाग कापून काढला, तेवढाच नवा तुकडा जोडला आणि गिरमिटानं नवं भोक पाडलं. तुकड्याचं एक टोक बायकोनं धरलं होतं. मला लांब उभं राहण्याचं काम होतं, ते मी चोख केलं. संध्याकाळी बायको त्या खिडकीत कोपर टेकून उभी राहिली. आठही खिडक्या जागच्या जागी आहेत.

घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी ती खिडकी अभिमानानं दाखवतो. रोग मीच ओळखला, हे सासरेबुवांनी मान्य केलंय, आणि त्या नव्या तुकड्यावर त्यांनी पेन्सिलीनं माझा उल्लेखही केलाय. ठसठशीत अक्षर आहे, बाण काढून लिहिलंय:

“हे भोक मुद्दाम ठेवलेलं आहे. जावयांच्या हाती पुट्टी देऊ नये.”