फक्त ओठ हलवा

आंतरराष्ट्रीय बाल व पुरुष समूहगान महोत्सव आमच्या शहरात भरवण्याचा निर्णय झाला, तेव्हा शहरात एकही गायनवृंद नव्हता. ही बाब निर्णयाच्या आड आली नाही. यजमान शहराने स्वतःचा पुरुषवृंद उतरवणे बंधनकारक होते आणि मंचावर किमान चाळीस तोंडे हवीत, असे नियमावलीत स्पष्ट म्हटले होते. तोंडांतून काय यावे, याबाबत नियमावली गप्प होती.

गाणारे असे शोधून शोधून दहाबारा सापडले. उरलेल्यांसाठी परिपत्रक निघाले: ज्यांच्या अनुपस्थितीने कामकाजात खंड पडणार नाही असे कर्मचारी प्रत्येक खात्याने वृंदाकडे वर्ग करावेत. दुसऱ्या दिवशी नगरभवनाच्या जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पाणीखात्याने आपला मीटरवाचक पाठवला.

पहिल्याच तालमीत मीटरवाचकाने गळा मोकळा सोडला. वृंदाचे संचालक पियानो थांबवून त्याच्याजवळ आले, त्याला खिडकीशी नेले आणि हळूच म्हणाले, "तुमचा चेहरा फार बोलका आहे हो. तुम्ही फक्त ओठ हलवा. आणि हे आपल्या दोघांतच राहू द्या."

मीटरवाचकाला त्याचे काही वाटले नाही. दिवसभर दारोदार "मीटर बघायचाय" म्हणत कुत्र्यांशी सामना करणारा माणूस तो. इथे चाळीस जणांत खांद्याला खांदा लावून उभे राहायचे आणि कुणी अंगावर येत नाही, याचेच त्याला अप्रूप. तालमीचा दिवस उजाडला की तो सकाळपासून खुशीत असे.

संचालकांना मात्र युक्तीची गोडी लागली. आज एकाला खिडकीशी नेले, उद्या दुसऱ्याला. पुढे खऱ्या गाणाऱ्यांचीही पाळी आली: एकाला सर्दी होती, एकाचा आवाज भिंतीवर आपटत होता, एक जण नुसताच उद्धट होता. पियानो जोरात वाजे, त्यामुळे कमतरता कुणाच्या लक्षात आली नाही. शेवटी बँकेतला कॅशियर आणि एक दंतवैद्य एवढे दोघेच गात उरले आणि वृंद पूर्वी कधी नव्हता इतका सुरात आला.

महोत्सवाच्या आदल्या संध्याकाळी मीटरवाचकाच्या बायकोने विषय काढला.

"आठवड्यातून तीनदा तालमीला जाता आणि घरात साधं गुणगुणतही नाही तुम्ही."

"आवाज जपावा लागतो."

"जपा. उद्या बाबा येणार आहेत, कानाचं नवीन मशीन घेऊन. मी डोळे मिटून बसेन. तुमचा आवाज ओळखू आला तर ठीक. नाही आला, तर ती तालीमबिलीम बंद. माणूस तीनदा जातो कुठे, ते तरी कळेल."

मीटरवाचकाला रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे त्याने ठरवले: दुसऱ्या कडव्यात, चाळीस आवाजांच्या आडोशाने, एकच "आ" सोडायचा. एवढ्या गर्दीत कुणाला कळणार? बायकोला कळला म्हणजे झाले.

महोत्सवात पियानोला बंदी होती. आमच्या आधी परदेशातल्या लहान मुलांचा वृंद गायला आणि तो असा गायला, की संचालकांना आपला वृंद फिका वाटू लागला. ते धावत दंतवैद्याकडे गेले. "आज कॅशियरला पुढे येऊ द्या. तुम्ही फक्त ओठ हलवा." मग कॅशियरचा स्वर चढलासा वाटला, म्हणून त्याच्याकडे गेले. "डॉक्टर आहेत ना, तुम्ही फक्त ओठ हलवा." घाईत बेरीज करायची राहून गेली.

पडदा वर गेला. संचालकांनी हात उंचावले. चाळीस तोंडे एकदम उघडली.

काहीच झाले नाही. प्रत्येकाला वाटले, बाकीचे जरा हळू गाताहेत. संचालक घामाघूम झाले, पण हात थांबवणे शिष्टाचारात बसत नव्हते. परीक्षक पुढे झुकले. तिसऱ्या रांगेत सासरेबुवांनी कानाचे मशीन काढले, ठोकले, पुन्हा घातले.

दुसरे कडवे आले आणि मीटरवाचकाने ठरल्याप्रमाणे "आ" सोडला.

आडोसा नव्हताच. तो "आ" एकटा, उघडा, थोडा तिरका, पार शेवटच्या खुर्चीपर्यंत जाऊन परत आला. बायकोने डोळे उघडले.

पहिले पारितोषिक आम्हालाच मिळाले. "एकही आवाज दुसऱ्याहून वेगळा काढता येत नव्हता, एकही स्वर चुकला नाही," असा परीक्षकांचा अभिप्राय होता आणि त्यात खोटे काही नव्हते. एका सदस्याच्या वर्तनाबद्दल मात्र त्यांनी खेद नोंदवला. महोत्सवाच्या अध्यक्षांनी त्याला तिथेच बोलावून घेतले.

"वृंदात कर्तव्यावर असताना तुम्ही आवाज काढलात?"

"गाण्याचा कार्यक्रम होता, साहेब."

"समूहगानाचा होता. एकट्याने गायचं असेल तर घरी गा."

त्याला वृंदातून कमी करण्यात आले. बाहेर पायऱ्यांवर बायको आणि सासरे उभे होते. बिचाऱ्याचा चेहरा पडला होता.

"ओळखला का?" त्याने विचारले.

"बेसूर होता," बायको म्हणाली. "पण तुमचाच होता."

"मला वाटलं मशीन बिघडलं, जावईबापू," सासरेबुवा म्हणाले. "तुम्ही गायलात म्हणून कळलं, चालू आहे."

तेवढ्यात आत समारोपाचे महोत्सवगीत सुरू झाले. मुले, पुरुष, परीक्षक, प्रेक्षक, सगळ्यांनी उभे राहून म्हणायचे, असे ठरले होते. निकाल पाहून बाकीच्या वृंदांनी आमची पद्धत तत्काळ उचलली होती, लहान मुलांनी तर सर्वांत आधी. सासरेबुवांनी पुन्हा मशीन ठोकले. मीटरवाचकाने त्यांचा हात धरला आणि तिघे मोठमोठ्याने गात घराकडे चालू लागले.

दाराच्या काचेतून मला ते दिसले. मी आतच होतो, तुमच्या शेजारी. तुमचे ओठ इतके सुरेख हलत होते, की तुम्ही गाताय असे समजून मी निश्चिंत होतो.