मागच्या रांगेतली नववी

निष्ठेशिवाय माणसाच्या आयुष्याला अर्थ येत नाही, हे सर्वमान्य आहे. मात्र निष्ठा नेमकी कोणावर ठेवावी, याबाबत कोणतेही लेखी निर्देश आजवर निघालेले नाहीत. त्यामुळे वाहन परवाना कार्यालयातल्या वरिष्ठ परीक्षकाने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी आपली निष्ठा नऊ जपानी मुलींच्या एका नाचगाण्याच्या ग्रुपवर ठेवली, तेव्हा त्याच्यावर कारवाई करण्यासारखं कुणाच्या हाती काही नव्हतं.

परीक्षक तसा साधा माणूस. सत्तावीस वर्षं तो शिकाऊ चालकांच्या शेजारच्या सीटवर बसून त्यांना नापास करत आला होता. (नापासांचं प्रमाण एकसष्ट टक्के. उरलेले एकोणचाळीस त्याच्या मते घाईगडबडीत सुटले.) कार्यालयात त्याला पाठीमागे 'ब्रेक' म्हणत. त्याला ते माहीत होतं, आणि मनातून आवडायचंही.

ग्रुप घरात आणला तो लेकीने. वर्षभर तिने त्या नऊ जणींची गाणी वाजवून घर डोक्यावर घेतलं. मग ती शिकायला दुसऱ्या गावी गेली आणि तीन महिन्यांत दुसऱ्याच कुठल्या ग्रुपच्या नादी लागली. बाप मात्र पहिल्यातच राहिला. जुनी गाडी विकताना डिकीत छत्री राहून जावी, तसा.

त्याच्या आवडीचं कारण निव्वळ तांत्रिक होतं. त्या नाचात नऊही जणी सारख्या जागा बदलतात. पैकी आठ जणी इकडेतिकडे न बघता बेधडक लेन बदलतात, हे परीक्षकाच्या नजरेतून सुटलं नाही. मागच्या रांगेत अगदी डावीकडे उभी असलेली नववी तेवढी बाजूला सरकण्याआधी खांद्यावरून मागे बघते. प्रत्येक वेळी. सत्तावीस वर्षांत असं बघणारे उमेदवार त्याला चार भेटले होते, आणि त्यातल्या एकाची मान आखडलेली होती.

परीक्षकाने तिची रीतसर नोंद ठेवायला घेतली. दोनशे चौदा व्हिडिओ तपासले. पावणेचार मिनिटांच्या गाण्यात ती सरासरी अकरा सेकंद दिसे. (त्यातले चार सेकंद फक्त कोपर.) पुढच्या रांगेत ती आजवर एकदाच आली होती, तेही पुढची एक जण घसरून पडली म्हणून. ग्रुपमध्ये प्रत्येकीला एक रंग ठरवून दिलेला असतो आणि खरा चाहता तो रंग अंगावर वागवतो. नववीच्या वाट्याला उरलेला रंग आला होता, राखाडी. परीक्षक दर गुरुवारी निष्ठेने राखाडी शर्ट घालू लागला. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्याच्याकडे पूर्वीपासून राखाडीच शर्ट होते.

आपण हे काय चालवलंय, असा प्रश्न त्याला पडत नसे असं नाही. आठवड्यातून दोनदा पडे. तो प्रश्न तो विचारार्थ ठेवून घेई आणि पुढचा व्हिडिओ लावी.

अशात जाहीर झालं, की नववी ग्रुप सोडणार. वय चोवीस. जाण्याआधी ती काही निवडक चाहत्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलेल, प्रत्येकी पंधरा सेकंद, सोडत काढून. परीक्षकाच्या स्वतःच्या निवृत्तीला अजून पाच वर्षं होती. त्याला उगीच ओशाळल्यासारखं झालं, आणि त्याच भरात त्याने सोडतीत नाव घातलं. नाव निघालं. (आयुष्यात त्याचं कुठल्याही सोडतीत नाव निघण्याची ही पहिलीच वेळ. यापूर्वी निवडणुकीच्या कामासाठी निघायचं, पण ती सोडत म्हणता येत नाही.)

पंधरा सेकंदांत काय बोलावं, यावर त्याने अकरा दिवस घालवले. शेवटी एक वाक्य ठरलं आणि एका शिकवणीवालीकडून त्याने ते जपानीत करून घेतलं. अर्थ असा: 'कोणी बघत नाही असं तुम्हाला वाटत असेल, पण तुम्ही किती नीट काम करता, हे मी रोज बघतो.' जपानीत क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. म्हणजे वेळ संपली, तर नेमकं 'बघतो' तेवढं राहून जाणार. शिकवणीवालीने आणखी एक गोष्ट सांगितली, की 'नाही' हेसुद्धा शेवटीच लागतं. हे ऐकल्यापासून परीक्षकाची झोप कमी झाली.

सराव आवश्यक होता. सरावाला समोर माणूस हवा होता. घरात माणूस एकच उपलब्ध होतं.

परीक्षकाची बायको रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसाला सत्तर-ऐंशी काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली घालायच्या, पेशी मोजायच्या आणि रिपोर्टच्या तळाशी, जिथे कुणी बघत नाही, तिथे बारीक सही करायची, हे तिचं बावीस वर्षांचं काम. पेशंट बरा झाला की डॉक्टरला पेढे देई. आजवर पेशींचं कुणी कौतुक केलं नव्हतं.

"मी फक्त बसायचं ना?" तिने विचारलं.

"बसायचं आणि घड्याळ लावायचं."

"हसायचं का?"

"ती हसते. पण तू नाही हसलीस तरी चालेल."

रोज संध्याकाळी साडेसातला, कुकर उतरवून, ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसू लागली. परीक्षक समोरच्या खुर्चीवर ताठ बसून तिच्याकडे बघत वाक्य म्हणे. पहिल्या दिवशी एकोणतीस सेकंद लागले. आठवड्यात बावीसवर आलं. एके संध्याकाळी तिने घड्याळ बंद करून विचारलं, "अहो, याचा अर्थ काय पण?"

परीक्षकाने खिशातून कागद काढला आणि अर्थ वाचून दाखवला. अर्ज वाचावा तसा, खाली मान घालून.

"बरं," ती म्हणाली. तिने घड्याळ पुन्हा लावलं. "वेग वाढवा थोडा."

दुसऱ्या दिवशी ती केस विंचरून बसली. तिसऱ्या दिवशी तिने चष्मा काढून ठेवला. परीक्षकाच्या सूचनेशिवाय झालेल्या या बदलांची त्याने नोंद घेतली नाही. त्याचं सगळं लक्ष क्रियापदावर होतं. कॉलच्या आदल्या संध्याकाळी वाक्य दहा सेकंदांत बसलं.

कॉल गुरुवारी सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी होता. परीक्षकाने अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज केला. कारण: 'परदेशस्थ व्यक्तीशी पूर्वनियोजित भेट'. साहेबांनी बोलावून घेतलं.

"किती वेळाची भेट आहे?"

"पंधरा सेकंद, साहेब."

"मग अर्धा दिवस कशाला?"

"उरलेला वेळ सावरायला."

साहेबांनी सही केली. अर्जावर शेरा मारला: 'वैद्यकीय'.

गुरुवारी बायकोनेही सकाळची सुट्टी टाकली. परीक्षक राखाडी शर्ट घालून फोनसमोर बसला. ती फोनच्या मागे, घड्याळ घेऊन. अकरा वाजून चार मिनिटांनी पडद्यावर नववी आली. व्हिडिओत दिसते त्यापेक्षा लहान आणि थकलेली. तिने हात हलवला आणि एक प्रश्न विचारला.

प्रश्न! तिचं बोलणं तयारीत धरलंच नव्हतं. अनोळखी तरुण माणूस घाबरलेल्या चेहऱ्याने समोर आलं की काय म्हणायचं, हे परीक्षकाच्या जिभेला सत्तावीस वर्षं पाठ होतं. त्याच्या तोंडून निघून गेलं, "सीटबेल्ट."

दुर्दैवाने जपानीत सीटबेल्टला जवळजवळ सीटबेल्टच म्हणतात. नववी क्षणभर गोंधळली. मग तिने मनापासून मान डोलावली आणि खांद्यापासून कमरेपर्यंत हात तिरका ओढून बेल्ट लावून दाखवला. यात सहा सेकंद गेले. उरलेल्या नऊ सेकंदांत परीक्षकाने जिवाच्या आकांताने वाक्य म्हटलं. 'कोणी बघत नाही असं तुम्हाला वाटत असेल, पण तुम्ही किती नीट काम करता, हे मी रोज'

पडदा काळा झाला.

बायकोने घड्याळ खाली ठेवलं. "क्रियापद राहिलं," ती म्हणाली.

"हो."

"तिला कळलं असेल."

"काय कळलं असेल? मी रोज काय? बघतो, की बघत नाही?"

दुपारी ती प्रयोगशाळेत गेली आणि परीक्षक कार्यालयात. त्या दुपारी त्याने अकरा उमेदवार तपासले आणि अकराही पास केले. कार्यालयाच्या इतिहासात याला दुसरं उदाहरण नाही.

शुक्रवारी संध्याकाळी कुकर उतरला. परीक्षक बाहेर वर्तमानपत्र घेऊन बसला होता. आत स्टूल सरकल्याचा आवाज झाला. बराच वेळ पुढे काहीच आवाज येईना, म्हणून तो बघायला गेला. ती बसली होती. केस विंचरलेले, चष्मा काढलेला.

"आज नाही का?" तिने विचारलं.

"आता कशाला? कॉल झाला की."

"झाला ते माहीत आहे मला."

परीक्षक उभा राहिला. मग खुर्चीवर बसला. घड्याळ कुठेच दिसत नव्हतं. त्याने तिच्याकडे बघून वाक्य म्हटलं, सावकाश, क्रियापदासकट. ते म्हणून होईपर्यंत आपण कोणाशी बोलतो आहोत हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचे कान लाल झाले.

ती जागची हलली नाही. "आता मराठीत म्हणा," ती म्हणाली.

परीक्षकाने घसा साफ केला. तोंड उघडलं. पुन्हा घसा साफ केला. मग उठून गॅस नीट बंद आहे का ते बघून आला, आणि आल्यावर त्याने ते वाक्य पुन्हा एकदा जपानीत म्हटलं.

अशा माणसाला हसण्यास हरकत नाही. हेच वाक्य आपल्या घरातल्या माणसाकडे बघून, मराठीत, आजवर एकदा तरी ज्यांनी म्हटलं आहे, त्या वाचकांनी अवश्य हसावं. बाकीच्यांनी जपानी शिकायला घ्यावी. लिपी अवघड आहे, पण बोलायला सोपी जाते.