खंडेरावांच्या चाकूचं मूल्यांकन

कोणत्याही वस्तूची किंमत ती किती कामाला आली यावरून ठरत नाही. तिला किती वर्षं कामापासून वाचवलं गेलं, यावरून ठरते. भालचंद्र देवस्थळी यांना हे तत्त्व केंद्र सरकारच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत हळूहळू उमगलं. निवृत्तीनंतर त्यांनी ते चाकूंना लावलं.

दिल्लीच्या मयूर विहारमध्ये जुन्या घडीच्या चाकूंच्या संग्राहकांचं एक मंडळ आहे (नोंदणी प्रस्तावित). सभासद सात, चाकू एकूण अडतीस. दर रविवारी अकरा वाजता सोसायटीच्या कम्युनिटी हॉलमध्ये, योगासनांच्या चटया उचलून झाल्या की बैठक भरते. सभासद आपापले चाकू डब्यांतून काढतात, एकमेकांना दाखवतात आणि परत ठेवतात. इतिवृत्तात याला 'कामकाज' म्हणतात.

चाकूंच्या साफसफाईची नियमावली भालचंद्ररावांनीच लिहिली. ती बावीस पानांची असून तिचा सारांश 'करू नये' असा आहे. पात्यावर वर्षानुवर्षं चढलेला करडा रंग म्हणजे 'झाक'. ती घासली की किंमत घासली जाते. लाल गंज दिसला तर तेलाचा एक थेंब सोडून चोवीस तास वाट पाहावी आणि मऊ फडक्याने टिपून घ्यावं. सांध्यातला मळ दात कोरायच्या काडीने काढावा. लिंबू, चिंच, राख, सँडपेपर आणि बायको यांना चाकूपासून सहा फूट दूर ठेवावं. (पत्नी अलकाताईंनी मसुदा वाचल्यानंतर शेवटच्या शब्दाच्या जागी 'कुटुंबीय' अशी दुरुस्ती झाली.)

मूल्यांकनासाठी चार वर्ग होते: कोरा, किंचित वापर, वापर आणि खेदजनक. ज्याने आयुष्यात काहीही कापलेलं नाही तो कोरा. भालचंद्ररावांकडे असा एक होता, शिंगाच्या मुठीचा, मूळ डबीसकट. तो उघडताना ते श्वास रोखत, कारण श्वासात ओलावा असतो.

डिसेंबरातल्या एका रविवारी सरलावहिनी आल्या. त्यांचे यजमान खंडेराव हे भालचंद्ररावांचे सहकारी. दोघांनी सव्वीस वर्षं एकाच खोलीत समोरासमोर बसून काम केलं होतं. खंडेरावांना जाऊन आठ महिने झाले होते. वहिनी गाझियाबादहून ऑटोने आल्या होत्या, कारण पर्समध्ये चाकू होता आणि मेट्रोत चेकिंगला अडवतील अशी त्यांना भीती होती.

"भाऊजी, हा यांचा," त्या म्हणाल्या. "मानस म्हणतो, आई, एक तर याची व्हॅल्यू काढून घे, नाही तर टाकून दे. घरात पसारा नको."

भालचंद्ररावांनी चाकू ओळखला. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमागच्या हिरवळीवर, उन्हात, खंडेराव याच चाकूने संत्रं सोलत आणि पहिली फोड त्यांना देत. याच चाकूने ते पेन्सिलींना टोकं काढत, फायलींच्या नाड्या कापत आणि एकदा तर लिफ्टचं दार उघडून त्यांनी सचिवांना बाहेर काढलं होतं. (त्याबद्दल खंडेरावांना मेमो मिळाला, लिफ्ट उघडणं दुसऱ्या विभागाचं काम होतं.)

"आत्ता करून देतो, वहिनी. बिल्कुल नियमाप्रमाणे," भालचंद्रराव म्हणाले आणि त्यांनी फॉर्म काढला.

मूळ किंमत पाचशे. पातं धार लावून लावून अर्धं झिजलेलं, वजा दोनशे. रसाचे डाग, वजा नव्वद. (डाग एकसारखे असते तर 'झाक' म्हणून उलट पन्नास मिळाले असते, पण खंडेरावांनी संत्री मन मानेल तशी सोलली होती.) मुठीवर नाव कोरलेलं, वजा दीडशे. खीळ बदललेली, वजा एकशे वीस. डबी नाही, वजा ऐंशी.

मग त्यांनी काडीने सांधा साफ केला. आतून संत्र्याचा वाळलेला एक धागा निघाला. 'बाह्य पदार्थ' या रकान्यात याचे वजा दहा धरायचे असतात. भालचंद्ररावांनी धागा बराच वेळ बोटावर धरला, मग रुमालात ठेवला आणि रकाना रिकामा सोडला. चौतीस वर्षांच्या नोकरीतसुद्धा त्यांच्या हातून अशी अनियमितता झाली नव्हती.

"वजा एकशे चाळीस," ते खालच्या आवाजात म्हणाले. "वर्ग, खेदजनक."

"वजा म्हणजे?"

"म्हणजे... नियम अकराप्रमाणे फरक मालकाने मंडळाला द्यायचा असतो."

"अच्छा," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे टाकला तर फुकटात सुटेन."

 भालचंद्ररावांनी सही केली आणि प्रमाणपत्र अध्यक्षांकडे सरकवलं.

अध्यक्ष शांताराम लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले. प्रत्येक प्रमाणपत्र ते स्वतः लॅमिनेट करत. ते यंत्रावर वाकले आणि गळ्यातल्या ओळखपत्राची नायलॉनची पट्टी प्रमाणपत्राबरोबर आत गेली. यंत्र सावकाश होतं, पण कामात खंड पाडणारं नव्हतं. कोणीतरी बटण बंद करेपर्यंत अध्यक्षांची हनुवटी यंत्राला टेकली होती आणि पट्टी मानेत रुतली होती. डोक्यावरून ती निघेना. रूळ उलटे फिरेनात. यंत्र गरम होतं.

"कापा," शांताराम घोगऱ्या आवाजात म्हणाले.

हॉलमध्ये त्या क्षणी मंडळाचे अडतीस चाकू होते. सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं.

"माझा किंचित वापर गटात आहे," एकजण म्हणाला. "नायलॉन कापलं की सरळ वापर गटात जाणार, यार."

"वर्गणी काढून नुकसान वाटून घ्यायचं का?" दुसऱ्याने विचारलं. हे रास्त वाटलं, पण त्यासाठी ठराव लागत होता आणि ठराव अध्यक्षांच्या परवानगीशिवाय मांडता येत नाही.

"अध्यक्षांचा स्वतःचा चाकू वापरावा," तिसऱ्याने सुचवलं.

"माझा नको," यंत्राजवळून आवाज आला. "कोरा आहे."

भालचंद्ररावांचा हात आपल्या डबीवर होता. झाकण त्यांनी उघडलंही होतं. आत मखमलीवर ते पातं चकाकत होतं, आणि त्यांनी सवयीने श्वास रोखला. तो किती वेळ रोखला हे त्यांना नंतर सांगता आलं नाही. तेवढ्या वेळात वहिनी टेबलाला वळसा घालून गेल्या, खंडेरावांचा चाकू अंगठ्याने उघडला, पट्टीखाली बोट घालून एकदा ओढला. शांताराम मागे खुर्चीत पडले आणि खोकू लागले. वहिनींनी त्यांना पाणी दिलं, पातं पदराला पुसलं आणि चाकू मिटून पर्समध्ये टाकला.

पदराला पुसणं नियमावलीच्या सातव्या पानावर निषिद्ध आहे. इतिवृत्तात हरकतीची नोंद नाही.

भालचंद्रराव त्यांना सोडायला गेटपर्यंत गेले. ऑटो थांबवल्यावर ते एकदम म्हणाले, "वहिनी, तो मला द्या. बदल्यात माझा घ्या, शिंगाचा. त्याचे चाळीस हजार येतील."

"त्याने काय कापता तुम्ही?"

"काही नाही."

"मग मला तो काय कामाचा?" वहिनी म्हणाल्या. "हा मी ठेवतेय, भाऊजी. मानसला सांगेन, किंमत फार निघाली." त्या ऑटोत बसल्या. भालचंद्रराव तिथेच उभे राहिले, रुमालाच्या खिशावर हात ठेवून.

पुढच्या बैठकीत अपघाताची दखल घेऊन, आणीबाणीसाठी एक साधा भाजीचा चाकू विकत घ्यावा असा ठराव एकमताने मंजूर झाला. तो चाकू आता काचेच्या कपाटात आहे. किल्ली अध्यक्षांकडे असते.

ही बातमी सोसायटीत पसरल्यापासून सभासदत्वासाठी रीघ लागली आहे. चाकू असण्याची अट मंडळाने काढून टाकली. अर्जात आता दोनच ओळी भरायच्या असतात आणि आजवर एकही अर्ज फेटाळला गेलेला नाही. चांगल्या दिवसासाठी म्हणून घरात राखून ठेवलेली, अजून न वापरलेली एक वस्तू दुसऱ्या ओळीत लिहायची. तुम्हाला आत्ता आठवली, तीही चालेल. पहिल्या ओळीत तुमचं नाव.