कल्पनेची पाठवणी

बुधवारी दुपारी संख्याशास्त्र विभागातली एक कल्पना चालत वाणिज्य विभागात गेली आणि तिथेच राहिली. विद्यापीठात हे नेहमीचंच. कल्पना एका शास्त्रातून दुसऱ्यात जातात. तिथले लोक ताटात तांदूळ पसरून अंगठीने तिचं नवं नाव लिहितात, पेढे वाटतात. मग जुन्या नावाने तिला कुणी हाक मारत नाही.

पण ही कल्पना हेमांगी सांगवीकरची होती. ज्ञान साथीच्या तापासारखं विभागाविभागांत पसरतं आणि त्या पसरण्याचं गणित मांडता येतं, हीच ती कल्पना. हेमांगीने तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. सोमवारी पीएचडीची तोंडी परीक्षा, आणि परीक्षेला कल्पना सोबत हजर लागते. नसेल तर पदवी नाही. ती वाणिज्यकडेच जाणार हे हेमांगीच्याच गणिताने सांगितलं होतं. गणित बरोबर आलं, म्हणून तर हेमांगी आणखीच भडकली.

तरातरा ती वाणिज्यमध्ये शिरली. विभागप्रमुख अष्टपुत्रे पेढा खात होते. शेजारच्या खुर्चीत कल्पना बसली होती.

"सर, माझी कल्पना द्या."

"तुमची कुठली? ही बाजारलाट. आत्ताच नाव ठेवलं."

"निदान सोमवारपुरती तरी पाठवा!"

"असं कसं? पहिलं माहेरपण श्रावणात. रीत आहे."

"खड्ड्यात गेली तुमची रीत! चल गं, ऊठ."

"आपण कोण?" कल्पनेने विचारलं.

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अष्टपुत्र्यांनी पेढ्यांचा खोका पुढे केला.

सोमवारी ती एकटीच परीक्षेला गेली. बघते तर काय, अष्टपुत्रे कल्पनेला घेऊन आधीच बसलेले! परीक्षकांनी विचारलं, कल्पनेने फडाफडा उत्तरं दिली. परीक्षक खूश झाले आणि पदवी अष्टपुत्र्यांना देऊन मोकळे झाले.

"अहो, त्यांच्याकडे आधीपासून आहे की पदवी! लाज नाही वाटत?" हेमांगी ओरडली. "हिला लहानाची मोठी मी केलीय, मी!"

"म्हणजे तुम्ही मुलीकडच्या," मुख्य परीक्षक अदबीने उठले. "आधी नाही का सांगायचं?" त्यांनी तिला शाल आणि नारळ दिला.

हेमांगीने दातओठ खात तो नारळ टेबलावर दाणकन आपटला. त्याची सरळ दोन भकलं झाली.

"वा! शुभ झालं," अष्टपुत्रे म्हणाले.

शिपायाने खोबरं काढून सगळ्यांना वाटलं. हेमांगीलाही एक तुकडा मिळाला.