सुभद्राबाईंचे उघडे हात

छप्पन साली पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात सुभद्राबाईंना इंजेक्शनच्या बाटल्या भरायचं काम मिळालं. काम त्यांच्या फार आवडीचं, पण आत जाताना बांगड्या उतरवाव्या लागत. बाटलीत काचेचा कण पडता कामा नये. नवऱ्याला, दत्तोबांना, हे ठाऊक होतं. सासूला मात्र दोघांनी सांगितलं नव्हतं. कळलं असतं, तर म्हातारीनं दुसऱ्याच दिवशी नोकरी सोडायला लावली असती.

सासूबाई यशोदाबाईंना दिसत नसे. दुपारच्या सुट्टीत सुभद्राबाई बांगड्या चढवून घरी धावत, त्यांना चार घास भरवत आणि भोंग्याला परत जात. त्या दिवशी काम लांबलं आणि घाईत बांगड्या कारखान्यातल्या पेटीतच राहिल्या. पहिला घास तोंडाशी नेला, तसं म्हातारीनं मनगट चाचपलं. मग दुसरं.

"बांगड्या कुठं हायेत?"

सुभद्राबाईंना खरं सांगवेना आणि खोटं सुचेना. सुनेचे दोन्ही हात उघडे, वर तोंडातून शब्द नाही. म्हातारीनं समजायचं ते समजून "दत्तू रं माझ्या" म्हणून हंबरडा फोडला.

शेजारच्या छबूबाई धावत आल्या. त्यांची रीत अशी, की आधी गळा काढायचा आणि कोण गेलं ते मागाहून विचारायचं. सुभद्राबाई "अवो, तसं न्हाई" म्हणत होत्या, पण दोघी पोटभर रडत असताना तिसरीचं कोण ऐकतं? पलीकडचे चिमाजी तर बांबू आणायला निघालेसुद्धा.

आकांत मळ्यात दत्तोबांच्या कानी गेला. आईच गेली असं धरून ते रडत आले आणि दारातच डोकं धरून बसले. म्हातारी चाचपडत आली अन् तिनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नगं बाबा. आमचा दत्तू गेला."

"मी कुठं गेलो, आये?"

म्हातारीनं लेकाचं नाक, कान, मिशा सगळं चाचपून पाहिलं आणि एक चापट ठेवून दिली. आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सुभद्राबाईंनी सगळं सांगितलं आणि नोकरी गेलीच असं समजून मान खाली घातली. तेवढ्यात भोंगा झाला. त्यांना रडू आलं, पण त्या हलल्या नाहीत.

"त्या औषधानं मान्सं वाचत्यात?" म्हातारीनं विचारलं.

"व्हय, आत्याबाई."

"मग जा की. अन् उद्यापासनं बांगड्या पेटीत ठिवायच्या न्हाईत. माझ्या हातात घालून जायचं."

छबूबाईंचा पदर डोळ्यांशी तसाच राहिला. विधवा होऊन यशोदाबाईंना वीस वर्षं झाली होती, आणि आता हातात हिरवा चुडा? लोक काय म्हणतील, असं त्यांनी हळूच विचारलं.

"म्हनू दे, छबू. मला कुठं त्यांची तोंडं दिसत्यात?"