वळचणीतला सेरगाझी

हिवाळ्यात पुरलेला सेरगाझी ऐन सफरचंदांच्या तोडणीत, भरदुपारी, घराच्या वळचणीतून बोलला. "म्हातारे, चहा ओत."

अंगणात सफरचंदं चिरणाऱ्या तोरगिनची सुरी थांबली. तोच घोगरा, चिडका आवाज आणि मागोमाग तोच खोकला. त्याची विधवा कुल्याश आपा मात्र दचकली नाही. मुकाट्याने उठली आणि चहाचा समोवार पेटवू लागली.

तोरगिन पक्ष्यांची अभ्यासक, आपाकडे भाड्याने राहायची. साळुंकी या मुलखातली नव्हे. कुणीतरी आणून सोडली आणि तिने इथल्या ठिपकेदार मैनांना घरट्यांच्या भोकाभोकातून हुसकलं, हे सिद्ध करण्यात तोरगिनची उमेदीची वर्षं गेली होती. गावात साळुंकीला 'अफगाणी' म्हणत आणि तोरगिनला 'अफगाणीची सवत'. वसंतात तिने गावातल्या सगळ्या साळुंक्या पकडून शहरात धाडल्या होत्या. मैना परततात का, ते पाहायचं होतं. पण बाहेरून साळुंक्यांची एक नवी जोडी येऊन आपाच्या वळचणीत घुसली. ते घरटं हलवलं नाही, तर वर्षाचं काम मातीत जाणार होतं.

"आपा, साळुंकी आहे ती. ऐकलेलं बोलते."

आपाने तिचा वाडगा काठोकाठ भरला. इथे पाहुण्याला चहा घोट-घोट ओततात. भरलेला वाडगा म्हणजे पी आणि ऊठ. तोरगिन उठली.

शुक्रवारी आपाने मृताच्या नावाने सात शेल्पेक तळल्या. त्या पुऱ्यांच्या वासाने गल्ली जमली. शेजारची बातिमा वर तोंड करून म्हणाली, "सेरगाझी आगा, माझी बकरी कुणी नेली?"

"चहा ओत."

"म्हणजे चहाच्या टपरीवाल्याने. मला वाटलंच होतं."

टपरीवाला तणतणत आला. "वर बघून शपथ घेतो, बकरी मी पाहिलीसुद्धा नाही." वळचण नुसती खोकली. टपरीवाला पांढराफटक पडला, घरी गेला आणि बातिमाची तांब्याची परात आणून दिली. परातीबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

तोरगिनने दुर्बीण लावली. साळुंकीच्या पायात निळं कडं होतं. निळी कडी तिने स्वतः शेजारच्या गावात या उन्हाळ्यात जन्मलेल्या पिल्लांनाच घातली होती. सेरगाझी तेव्हा केव्हाच मातीआड झाला होता. या पाखराने त्याचा आवाज ऐकला कधी? विज्ञान मानणाऱ्या तोरगिनच्या तोंडून आजीने शिकवलेली दुआ आपोआप बाहेर पडली.

रविवारी शिडी घेऊन ती गोठ्यामागून आली, तर आवाज पुन्हा आला. या वेळी वरून नव्हे, खालून. वळचणीखाली आपा उभी होती. हनुवटी छातीला टेकवलेली, मुठीत शेल्पेकचा चुरा. "म्हातारे, चहा ओत," ती मेलेल्या नवऱ्याच्या आवाजात म्हणाली आणि खोकली. वरून उत्तर आलं, तसंच.

"आपा, तुम्ही?"

"मग काय करू? त्यांच्याकडून बोलायला शिकलेली साळुंकी होती, ती तू पिंजऱ्यात घालून नेलीस."

तोरगिनला वसंतात पिंजरे नेणारी गाडी आठवली. शहरापर्यंत मागून कुणीतरी खोकत होतं. तिने ड्रायव्हरला काच लावून घे म्हटलं होतं.

"सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू बाई? माझा नवरा पिंजऱ्यात आहे म्हणून?"

तेवढ्यात फोन वाजला. संस्थेच्या संचालकबाई. "शेवटचं घरटं काढलंस?"

तोरगिनने शिडीकडे पाहिलं, मग आपाकडे. "घरमालक नाही म्हणतात."

"दे त्यांना फोन."

तिने फोन वळचणीकडे धरला. साळुंकीने मान तिरकी केली आणि नेमकी गप्प बसली. आपाच्या मुठीतला चुरा गळू लागला. तोरगिनने फोन तोंडाशी आणला, हनुवटी छातीला टेकवली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "म्हातारे, चहा ओत." आणि खोकली.

मग संचालकबाई म्हणाल्या, "फारच उर्मट माणूस आहे. राहू दे ते घरटं. पण यंदाचं काम वाया गेलं, कळतंय ना तुला?"

"कळतंय."

फोन बंद झाला. आपा समोवारपर्यंत पोचलीसुद्धा होती. कधी वळून निघाली, तिचं तिलाच कळलं नव्हतं. किटली हातात घेऊन ती तोरगिनकडे बघत राहिली.

"खोकला तुला चांगला जमतो," ती म्हणाली. "उद्यापासून तूच शिकव."