खांबेट्यांची टाउनशिप

"परचुरे, आमचे मेयर बदलले," लिफ्टचं दार बंद होताच खांबेटे म्हणाले.

"कुठले मेयर?"

"आमच्या टाउनशिपचे. नोंद घ्यावी."

ही टाउनशिप होती अमेरिकेत, न्यू जर्सीमध्ये. नाव वेस्ट हॅलोवे. खांबेटे राहायचे सिंगापूरच्या वुडलँड्सला, आमच्याच मजल्यावर, आणि अमेरिकेत त्यांनी कधी पाऊलही टाकलेलं नव्हतं. गृहस्थ विधुर. सकाळी कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला जायचं, प्लँटमधली इंजिनियरकी करायची आणि संध्याकाळी घरी येऊन कॉम्प्युटरवर त्या टाउनशिपच्या सभांची मिनिट्स, म्हणजे इतिवृत्तं, वाचायची, हा त्यांचा दिनक्रम.

मराठी मंडळींच्या जेवणात ते सुरू झाले की ताटं तशीच राहायची. "मुळात डच शेतकरी, बरं का. मग पाणचक्की आली, मग रेल्वे. स्टेशनाजवळच्या लोकांना शिंगं फुटली, म्हणाले आम्ही वेगळे. झाले वेगळे! मधलं गाव गेलं, भोवतालची टाउनशिप राहिली. नकाशात बघा, मेदूवडा! पाच जणांची कमिटी, ते आपल्यातल्याच एकाला वर्षभर मेयर करतात. नोंद घ्यावी."

लोक हसायचे, प्रश्न विचारायचे. मी बँकेत आहे. व्याजदरांवर मलाही चांगलं बोलता येतं, पण मला कधी कुणी प्रश्न विचारला नाही. "किती रंगवून सांगतात ना!" असं माझी बायको नीलिमा घरी येऊन म्हणायची, आणि मी उगाचच टीव्हीचा आवाज वाढवायचो.

तेही मी सोसलं असतं. पण ईशा! आमची ही बारा वर्षांची मुलगी माझ्या चार मराठी वाक्यांना "ओके लाह, बाबा" एवढंच सिंगापुरी उत्तर द्यायची, आणि खांबेट्यांशी मात्र चक्क मराठीत भांडायची. "काका, पण पूल पडला तर दुरुस्त कुणी करायचा? मधल्या गावाने का तुम्ही?"

शेवटी मी ठरवलं, या माणसाची एक तरी चूक पकडायची. एका शनिवारी दुपारी टाउनशिपची वेबसाइट उघडून बसलो. दोन तास वाचलं. डच शेतकरी बरोबर, पाणचक्की बरोबर, मेदूवडासुद्धा बरोबर. मी आणखीच चिडलो. आणि मग एका सभेच्या मिनिट्समध्ये, नागरिकांच्या तक्रारींत, एक नाव दिसलं: अजय खांबेटे.

पानाचा प्रिंट काढून मी विजयी वीरासारखा त्यांच्या दारात उभा राहिलो. "म्हणजे मुलगाच राहतो तिथे! इतकी वर्षं बोलला नाहीत ते?"

खांबेट्यांनी कागद घेतला नाही. म्हणाले, "आत या."

आम्ही बसलो. चष्मा पुसत ते सांगू लागले.

"अजयने निवडलेली मुलगी मला पसंत नव्हती. मी लग्नाला गेलो नाही. नंतर फोन केले, त्याने उचलले नाहीत. सहा वर्षं झाली." मग म्हणाले, "तिथे सभेत कुणालाही उठून तीन मिनिटं बोलता येतं. क्लार्क लिहून घेतो. अजय वर्षातून एकदोनदा बोलतो. मागे झाडाच्या फांद्यांबद्दल बोलला होता."

आता त्यांनी माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. अजयने कमिटीला सांगितलं होतं, आमच्या कोपऱ्यावर दिवा नाही, माझी पाच वर्षांची मुलगी तिथे शाळेच्या बससाठी उभी राहते, हिवाळ्यात सकाळीही अंधार असतो.

"मला नात आहे," खांबेटे म्हणाले, "हे मला या मिनिट्समधून कळलं."

मी म्हटलं, "मग तुम्हीही लिहा की कमिटीला."

"मी तिथला रहिवासी नाही, परचुरे."

"नियम काय म्हणतो?"

"पत्र कुणीही पाठवू शकतं," ते हळूच म्हणाले.

ईशाला बोलावून घेतलं. तिने पत्राचं इंग्रजी नीट केलं. मायेचं वाक्य आलं की खांबेटे ते खोडायचे. शेवटी चारच ओळी उरल्या: त्या कोपऱ्यावर मुलं उभी राहतात, तरी दिवा लावावा ही नम्र विनंती. खाली सही, श्रीधर खांबेटे, सिंगापूर.

पुढच्या सभेची मिनिट्स यायला दीड महिना लागला. रविवारी दुपारी आम्ही तिघं कॉम्प्युटरसमोर बसलो. ईशा वाचत होती. सिंगापूरहून आलेलं पत्र सभेत वाचून दाखवलं होतं. दिव्याचा विषय पुढच्या सभेवर ढकलला होता. त्याखाली एक ओळ होती. ती वाचून ईशा ओरडलीच, "काका! अजय खांबेटे यांनी पत्राची कॉपी मागितली. क्लार्कने दिली!"

"म्हणजे दिव्याचं अजून ठरलं नाही," खांबेटे कसेबसे म्हणाले, आणि चहा टाकतो म्हणून आत गेले.

बराच वेळ नुसताच नळाचा आवाज येत राहिला. ईशा उठून आत गेली.

"काका, तुमच्या नातीला मराठी येत असेल?"

"कोण जाणे."

"नसेल येत, तर मी शिकवीन."

मी बाहेर एकटाच बसून होतो. हेवा वाटतच होता. पण आत जाऊन त्यांच्या बोलण्यात तोंड घालावंसं वाटलं नाही.